अंबारीखालची स्प्रिंग

एका जागी स्वस्थ पडलेल्या वस्तूचा आमच्या मल्लेश्वरमच्या घरमालकांइतका राग येणारा माणूस अख्ख्या बंगळूरात दुसरा नसेल. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. पुण्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आलेला मी त्यांच्या लेखी कालचा पाहुणा. अण्णा कॉफीच्या बिया घरीच भाजत, आणि त्या बिया चुलीपासून दळणयंत्रापर्यंत थरथरणाऱ्या पत्र्याच्या पन्हळीवरून आपल्या पायांनी जात. पन्हळीखाली तिरक्या पोलादी पट्टीची स्प्रिंग होती. ती प्रत्येक थरथरीला वरची वस्तू जराशी पुढे उडवी. तिच्यापायी सगळं स्वयंपाकघर थरथरे. “कप स्वल्प हातातच धरा हो,” अण्णा मला बजावत, “खाली ठेवला तर फिरायला जातो.” एकदा माझा गेलाही.

पण खरी करामत दसऱ्यात. अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, इकडच्या रिवाजाप्रमाणे पायऱ्यांवर बाहुल्या मांडत आणि अण्णांच्या पन्हळीवरून अंबारीचा लाकडी हत्ती, घोडे, शिपाई तुरुतुरु चढ चढून जात. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तोंडात बोट घालून बघत. एका वर्षी हत्ती मिरवणुकीला कंटाळून एका पाहुणीच्या ओटीत उतरला. तिने तो शुभशकुन मानला आणि परत द्यायला आठ दिवस लावले.

पुढे अण्णांनी स्प्रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि राजाजीनगरातल्या एका कारखान्याने, जो तीच स्प्रिंग लावून कोळसा वाहण्याची यंत्रं करीत होता, हरकत घेतली. म्हणे, ही स्प्रिंग आमची. अण्णांना पैशाची हाव नव्हती. “त्या पट्टीवर माझं नाव पाहिजे, एवढंच,” ते म्हणत.

सुनावणीला आम्ही कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत गेलो. मुख्य साक्षीदार अक्का, दुभाषा मी, आणि अण्णांच्या मांडीवर पुराव्यादाखल हत्ती. तिथल्या साहेबांनी विचारलं, ही स्प्रिंग कुणी केली? अक्कांनी मान खाली घातली. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. “ह्यांनी,” त्या म्हणाल्या. ह्यांनी म्हणजे कुणी? “आमच्या घरातल्यांनी.” तीनदा विचारून साहेब दमले. मग कारखान्याच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, अर्जाआधी बाहेरच्या कुणी पाहिली होती का? इथे अक्कांची जीभ सुटली. गल्लीवार, सहा दसऱ्यांच्या, साठ-सत्तर बायकांची नावं त्यांनी धडाधड सांगितली आणि मी पापी ती इमानाने इंग्रजीत उतरवत गेलो. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. अर्जाआधी चारचौघांत वापरलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही. अण्णांनाही नाही, कारखान्यालाही नाही. स्प्रिंग सगळ्यांची झाली.

परतताना गाडीत अक्का डोळे पुसत होत्या. अण्णा म्हणाले, “कारखान्याच्या आधी मी केली, हे तर ठरलं ना?” मी हो म्हटलं. “सरी, झालं तर. मग रडतेस कशाला?”

अण्णांना जाऊन आता तीन वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. कुठल्याही कारखान्यात गेलो की मी वाकून यंत्राखालची तिरकी पट्टी बघतो. गेल्या दसऱ्याला मल्लेश्वरमला गेलो, तेव्हा हत्ती चढ चढत होता. सवयीने वाकलो. पट्टीवर खडूने अण्णांचं संपूर्ण नाव लिहिलेलं होतं, अक्कांच्या थरथरत्या अक्षरांत.

“थरथरीने खडू झडतो,” अक्का म्हणाल्या. “रोज सकाळी परत लिहिते.”