फॉर्टी फायर्ड

रुखमाबाई आरमोरीच्या एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. स्वतः सातवी शिकलेली. पन्नाशीत तिला इंग्रजीचं खूळ लागलं, ते शाळेतल्या पुनम मॅडममुळं. मॅडम जुन्या इंग्रजी पेपरातले मथळे आणि जाहिराती तिला वाचायला द्यायच्या. चष्मेवाल्यानं लिहिलं होतं, ‘आय लव्ह यू’, पण स्पेलिंग ‘मी’चं नाही, डोळ्याचं! टायरवाला विचारत होता, ‘टायर्ड?’ म्हणजे थकलात का? अशी गंमत सापडली की रुखमाबाई हातातला झारा तसाच धरून हसत बसायची.

एका शनिवारी भाजी चिरताना शाळेत आलेल्या ताज्या पेपरातला मथळा तिनं अक्षर अक्षर लावून वाचला. ‘फॉर्टी फायर्ड अ‍ॅट सिमेंट प्लांट.’ खाली गाव होतं, कोरपना.

तिचा पोरगा लोकेश तिथंच एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता.

फॉर्टी म्हणजे चाळीस. फायर म्हणजे आग. नाहीतर गोळीबार, तो अर्थ गडचिरोली जिल्ह्यात कुणाला शिकवावा लागत नाही. खालचा बारीक मजकूर तिला लागेना. मॅडम सुटीवर. लोकेशचा फोन बंद. तिनं त्याच्या खोलीतल्या अंकुशला फोन लावला.

“अंकुश, लोकेश कुठी आहे रे?”

“तुमाले समजलं का मावशी? तो बी त्या चाळीसातच होता.”

“कुठी... कुठी ठेवलं त्याले?”

“ठेवतीन कुठी? कामावरून काढलं ना त्याइले! परवाच सामान घेऊन गेला तो.”

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. जिवंत आहे पोरगा! पण डोळे पुसता पुसताच तिच्या मनात आलं. परवा निघाला, तर घरी काऊन नाई आला?

दिवसभर ती फोन लावत राहिली. सांजेला त्याचाच आला.

“आई, ड्युटीवर होतो. ओव्हरटाइम करून राह्यलो.”

मागं एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्याचं ऐकू येत होतं.

“लोकेश, पेपर वाचला मी.”

“कोणता?”

“इंग्रजीतला. फायर्ड म्हणजे काय ते समजलं मले.”

मग त्याचा हुंदका आला. “तुले कसं सांगू, समजे नाई. दोन दिवस झाले, चंद्रपुरातच फिरून राह्यलो.”

“पहिले घरी ये. मंग पाहू.”

“हो,” तो म्हणाला.

तो गाडीत बसेपर्यंत तिनं त्याला फोन ठेवू दिला नाही.