सत्काराच्या टेबलावर रिकाम्या बाटल्या

मंडळी, चावडीच्या फळ्यावर आज सुविचार नाही, सकाळचा अनुभव लिहितेय.

मुंबईच्या कौन्सिलात गावोगावच्या दवाखान्यांचा कायदा पास झाला, म्हणून मेंबरसाहेब सत्कार घ्यायला आले. आपला दवाखाना मात्र बंदच, कारण औषधांना पैसाच मंजूर नाही.

औषधाला बाटली घरूनच न्यायची, ही आपल्याकडची रीत. हार घालायची वेळ आली तेव्हा आम्ही बायकांनी रिकाम्या बाटल्याच त्यांच्यापुढं टेबलावर मांडल्या.

"हे काय?" साहेब चिडले.

तंबाखूच्या वखारीत राबणारी गंगाक्का म्हणाली, "कायदा लई चांगला हाय, सायेब. जरा ह्यात वतून द्या. नातू खोकतोय."

साहेब तडक निघून गेले.

दवाखाना उघडेपर्यंत बाटल्या हलणार नाहीत. टेबलावर अजून जागा आहे. तुमची बाटली कुठं आहे?