गाळलेली ओळ

फोन आईचा होता. "बाबा उठत नायत," एवढंच ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, नुसती भीती होती, आणि ती मला इतकी ओळखीची वाटली की समोरच्या पेशंटच्या दंडाला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा तसाच सोडून मी उठले. विरारच्या माझ्या दवाखान्यातून उमेळ्याला पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. जेवून पडवीत आडवे झाले होते, ते तसेच... मी डॉक्टर, तरी नाडी दोनदा बघितली. आज त्याला सव्वा महिना झाला. लोक भेटायला येतात, म्हणतात, "वाडीतल्या मजुरानं पोरीला डॉक्टर केलं." खरंच आहे ते. पण ते कसं झालं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता एकटीलाच आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मूळचे चांदीपचे. आजोबांची थोडी भातशेती होती. बाबा दहा-अकरा वर्षांचे असताना गावातलाच एक वजनदार माणूस कागद घेऊन घरी आला. विहिरीवर विजेची मोटार बसवायचा अर्ज आहे असं म्हणाला, वाचून दाखवला आणि आजोबांनी आंगठा उठवला. मोटार काही आली नाही. पुढच्या पेरणीला मात्र आमच्या शेतात दुसऱ्याचा नांगर आला. आजोबा बायकापोरांना घेऊन उमेळ्याला लोकांच्या केळीच्या वाडीत मजुरीला लागले, आणि बाबाही जन्मभर तिथेच राबले. वाडीत साप निघाला तर काठीवर उचलून बांधापलीकडे टाकणारा हा माणूस, पण कागद दिसला की त्याचा चेहरा उतरायचा. पोस्टमनने पाकीट दिलं तर दोन बोटांत धरून ते माझ्याकडे आणायचे आणि मी वाचून संपवेपर्यंत उभे राहायचे. नव्वदच्या दशकात आजूबाजूच्या वाड्या तोडून इमारती उठू लागल्या. रोज कुणीतरी कुणाच्या तरी दारात कागद घेऊन उभा. तेव्हा तर बाबा चारचौघांत बसले तरी उजव्या हाताचा आंगठा मुठीत दाबून बसायचे.

अशा घरात मला बारावीला चांगले गुण मिळाले. सातवीच्या पुढे आमच्याकडे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजातल्या बाईंनी बळेच मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा फॉर्म भरायला लावला होता, आणि एक दिवस मुलाखतीचं पत्र आलं. पालकांना सोबत आणावे, असं त्यात लिहिलेलं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत धड. "मी काय करू तिथं? मला बोलता येत नाय."

"तुम्ही नुसतं बसायचं, बाबा."

तिथे काय करायचं असतं हे मला तरी कुठे माहीत होतं?

त्या हॉलच्या दारात बाबांनी चपला काढल्या. बाकी कुणीच काढल्या नव्हत्या. आत पंखे, लांबलचक टेबलं, फाइली घेतलेले वडील, इंग्रजीत कुजबुजणाऱ्या मुली. बाबा माझ्या शेजारी अनवाणी, खुर्चीच्या अगदी कडेला. माझा नंबर पुकारला तेव्हा आम्ही दोघंही एकदमच उठलो, जसं काही शिक्षाच व्हायची होती. टेबलापलीकडच्या चष्मेवाल्या बाईंनी माझी प्रमाणपत्रं उलटसुलट पाहिली, रजिस्टरात बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आहे जागा." मला हसूही आलं नाही. कारण पुढच्याच क्षणी त्यांनी एक टाइप केलेला कागद आणि शाईचा पॅड बाबांसमोर सरकवला होता. "हमीपत्र आहे. सही नसेल तर आंगठा."

बाबांचा हात पाठीमागे गेला. "काय हाय ह्यात?"

"नेहमीचंच आहे हो."

"मी आंगठा देनार नाय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. रागावल्या नाहीत. दमलेल्या होत्या. "मग पुढच्या नंबरला बोलावू का? लवकर सांगा, रांग आहे."

पुढच्या नंबरची मुलगी आणि तिचे वडील माझ्या मागेच येऊन उभे राहिले होते. त्यांच्या फाइलचा कोपरा माझ्या पाठीला लागत होता. मी म्हटलं, "बाबा, मी वाचते. एकेक ओळ वाचून सांगते. मग द्याल?" त्यांनी आधी कागदाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगळा वाच."

कागद इंग्रजीत होता आणि मी मराठी शाळेतली. ओळीखाली बोट ठेवून मी वाचू लागले, जमेल तसं मराठीत सांगू लागले. नियम पाळीन. वसतिगृहात शिस्तीने राहीन. आणि मग एक ओळ आली. आधीच्या ओळींतले अर्धे शब्द मला कळले नव्हते, ही मात्र पुरती कळली. विद्यार्थिनीने शिक्षण मध्येच सोडलं तर पालक दंड भरतील, न भरल्यास तो त्यांच्या मालमत्तेतून वसूल होईल. हे वाचलं तर बाबा उठणार, दाराबाहेर जाऊन चपला घालणार आणि आम्ही उमेळ्याला परतणार. मी पुढची ओळ वाचली.

"झाला?"

"झाला."

केळीच्या चिकाने बाबांची बोटं कायमची काळी पडलेली. तो आंगठा शाईत बुडाला तरी वेगळा दिसला नाही. कागदावर मात्र दिसला.

पुढची वर्षं मी अभ्यास केला तो हुशारीने नाही, भीतीने. पहिल्याच चाचणीत अॅनाटॉमीत नापास झाले, तेव्हा माझ्यासारख्याच नापास झालेल्या मुली रडल्या ते गुणांसाठी. मला दिसत होतं ते आमचं घर, तेही वाडीमालकाच्या जागेतलं, आणि दारात कागद घेऊन आलेली माणसं. आजोबांना ज्याने फसवलं त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, हे मला सांगता येत नव्हतं. बाबा महिन्यातून एकदा वसतिगृहाच्या फाटकाशी केळी घेऊन यायचे. "जमतंय ना, बाय?" विचारायचे. "जमतंय," मी म्हणायचे, आणि ते वळले की खोलीत जाऊन पुन्हा पुस्तक उघडायचे.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. बाबा केळीला पाणी लावत होते. मी पाटाच्या कडेला उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी फावडं थांबवलं नाही.

"ठाव होता."

"काय?"

"तुझा बोट येका जाग्यावर थांबला, आनि मग खाली उतरला. मला अक्षर नाय कळत. बोट कळतो."

"मग आंगठा का दिलात?"

त्यांनी मातीचं एक ढेकूळ टाकून पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं. "माझ्या बापाला वाचून दाखवला, तो मानूस हसत व्हता. च्या पिला त्यानी आमच्या घरात. तू तर रडायला आलेलीस. फसवनारा मानूस घाबरत नाय, बाय."

मग फावडं बांधाला टेकवून म्हणाले, "मी पन लय घाबरलेलो. पाच वरीस घाबरलेलोच व्हतो." मग हसले. आम्ही दोघं एकाच भीतीत इतकी वर्षं राहिलो आणि फाटकाशी उभं राहून एकमेकांना 'जमतंय' म्हणत राहिलो...

मागच्या आठवड्यात बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पालिकेच्या कार्यालयात गेले होते. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे केला, फुली मारून सहीची जागा दाखवली. मी पेन उघडलं आणि अर्ज पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागले. मृताचं नाव. वय. पत्ता. खाली बारीक अक्षरात छापलेली सूचनासुद्धा. मागे माणसं ताटकळली होती. कारकून म्हणाला, "मॅडम, मनातल्या मनात वाचा ना."

मी म्हटलं, "मला तसं वाचता येत नाही," आणि पुढची ओळ वाचली.