उजवा रकाना

विनिता वाघचौरेंनी वही सोडायची ठरवली तेव्हा बुधवारची सकाळ होती, आणि प्रभाकररावांनी तिसऱ्यांदा पेन्सिल भिरकावली होती.

"अहो, एक ओळ! फक्त एक ओळ गिरवा."

"बरं," प्रभाकरराव म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

या 'बरं'ने विनिताबाईंचं डोकं उठवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि मागे उरला हा एकच शब्द. भूक लागली तरी बरं, चहा नको असला तरी बरं, संतापले की बरं बरं बरं. इथली भोपाळची फिजिओथेरपिस्ट सांगून गेली होती, "आंटीजी, बाएँ हाथ से रोज़ एक पन्ना लिखवाइए." सांगायला काय जातंय! हा माणूस बत्तीस वर्षं कारखान्यात तपासनीस. चुकीची नोंद खोडून गिचमीड करायची नाही, वर एकच सरळ रेघ मारायची, खरी नोंद शेजारी लिहायची आणि खाली सही करायची, हा तिथला नियम त्यांनी घरातल्या किराणा यादीलासुद्धा लावला होता. अशा माणसापुढे बालवाडीची चार रेघांची वही ठेवल्यावर तो पेन्सिल फेकणार नाही तर काय करणार? हे विनिताबाईंना कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो?

तेवढ्यात पुण्याहून लेकीचा, जुईचा फोन. "आई, तू स्वतःची काळजी घे गं." काळजी घ्यायची म्हणजे नेमकं किती वाजता आणि कशी, ते मात्र जुईनेही सांगितलं नाही.

आता ती सोडायची वही. भोपाळमध्ये मराठी ख्रिस्ती घरं मोजकी, बहुतेक नगर-जालन्याकडून बरखेड्याच्या कारखान्यात नोकरीला आलेली. रविवारची उपासना हिंदीत. म्हणून बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मराठी घरसभा भरते. गाणं झालं की वही उघडायची. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे उपकार, म्हणजे देवाचे आभार, उजवीकडे विनंत्या. ज्याचं नाव उजव्या रकान्यात, त्याच्यासाठी आठवडाभर सगळ्यांनी प्रार्थना करायची, शिवाय जमेल ती मदत. वही अकरा वर्षं विनिताबाईंकडे होती. गोपीनाथकाकांचा मोतीबिंदू, मंजूषाच्या संकेतचं न जमणारं लग्न, सगळं त्यांनी उजवीकडे लिहिलं होतं. आपलं नाव मात्र दर बुधवारी डावीकडेच. झटक्याच्या आठवड्यातसुद्धा त्यांनी लिहिलं, 'विनिता, यांचा जीव वाचला.' वही लिहिणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं म्हणजे वाढणाऱ्याने आधी आपलंच ताट भरून घेण्यासारखं, असं त्यांना वाटे.

आणि मंडळीही अशी, की डावा रकाना वाचून खूश! "विनिताताईंची श्रद्धा बघा," म्हणायचं, पोहे खायचे आणि स्कूटरला किक मारायची.

श्रद्धेचं खरं काय झालं होतं, ते विनिताबाईंनाच ठाऊक. "आठ महिने तुला लोकांचे मोतीबिंदू सांगतेय, माझ्याकडे बघायला सवड नाही का तुला?" असं त्या कुकरच्या शिट्टीआड देवाला फाडकन बोलल्या होत्या. नंतर तेही बंद झालं. तीन आठवडे प्रार्थनाच होत नव्हती. नुसती नावं वाचली जात. ज्या देवाशी बोलता येत नाही त्याची वही कशाला सांभाळायची? आज वही मंजूषाला द्यायची आणि पुढच्या बुधवारपासून सभेलाही जायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आणि ते ठरल्यावर त्यांना हलकं नाही, भीतीच वाटली.

सभा आज नेमकी त्यांच्याच घरी, कोटऱ्याला. विसरायला नको म्हणून त्यांनी वही प्रभाकररावांच्या उशाशी टेबलावर ठेवली. आदल्या दिवशीच आजची तारीख घालून, सवयीने 'विनिता, सगळं ठीक' असं डावीकडे लिहून ठेवलं होतं. मग त्या कांदे चिरायला गेल्या.

संध्याकाळी प्रभाकररावांच्या पलंगाभोवती आठ-दहा जण जमले. गाणं संपलं आणि विनिताबाई एकदम म्हणाल्या, "मंजूषा, वही तू घे. माझ्याच्याने आता होत नाही."

"अगं, असं कसं?" गोपीनाथकाका म्हणाले. "तुझ्याशिवाय कोण करणार?"

मंजूषाने वही उघडली. मग तिने वही विनिताबाईंपुढे धरली. "ताई, हे कुणी केलं?"

डावीकडच्या 'विनिता, सगळं ठीक'वर एक रेघ मारलेली होती. एकच, जराशी डगमगती. उजव्या रकान्यात बोटभर उंचीची, वेडीवाकडी अक्षरं होती: विनिता. पुढे काही नाही. खाली दोन अक्षरं, प्र. वा.

"सकाळी माझ्यापुढे एक ओळ गिरवली नाहीत!" विनिताबाई नवऱ्यावर कडाडल्या. मग त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या.

"मी थकलेय," त्या म्हणाल्या. "मला यांचा राग येतो. देवाचा येतो. तुमचाही येतो. तीन आठवडे मला प्रार्थना करता आलेली नाही."

विनिताबाई संडे स्कूलमध्ये शिकवत, तिथलं गेथशेमाने बागेचं चित्र त्यांना आठवलं. दरवर्षी त्या मुलांना विचारत, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभू कुठे गेला? मुलं ओरडत, बागेत! तो तीन मित्रांना सोबत घेऊन गेला होता, जागे राहा म्हणाला होता, आणि स्वतःसाठी मागत होता, हे इतकी वर्षं शिकवूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. प्रभूला मागायची लाज वाटली नाही आणि मी कोण मोठी लागून गेले, असं त्यांच्या मनात आलं.

मंजूषाने डोळे मिटले. तिला प्रार्थना सांगायची सवय नव्हती. "प्रभू, ताई बहुत... फार थकल्या आहेत. आम्हाला दिसलंच नाही, माफ कर. मी उद्यापासून दुपारी प्रभाकररावांपाशी येऊन बसीन, ताईंना झोपू दे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. मग पलंगावरून आवाज आला, "बरं."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच विनिताबाईंना त्या शब्दाचा राग आला नाही. वही मात्र त्यांनी परत घेतली नाही. मंजूषाच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल पुन्हा जमिनीवर गेली.

"प्रभू," विनिताबाई मोठ्याने, प्रभाकररावांदेखत म्हणाल्या, "मला धीर दे, आत्ताच्या आत्ता दे, नाहीतर मी ही चाररेघी वही यांच्या डोक्यात घालीन."

"बरं बरं बरं," प्रभाकरराव म्हणाले.

आणि बेल वाजली. दारात मंजूषा उभी होती.