शंभरपैकी एक्केचाळीस गुणांचं जंगल

प्रिय ईरा आणि नील,

वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत मला एकही जंगल निवडावं लागलं नव्हतं.

बाकी पुष्कळ काही निवडलं आहे. साड्या, पडदे, तुमच्या आईची शाळा, वाडीतली चिकूची कलमं. (नवरा वडिलांनी निवडला, पण यादी मी केली होती.) परवा ईराची मेल आली : "आजी, तुझ्यासारखं प्लॅनिंग मी कुठेच पाहिलं नाही. पुढच्या डिसेंबरात माझ्या सहा मैत्रिणी येतायत, त्यांच्यासाठी सेम प्रोग्रॅम कर." ही मेल मी तीनदा वाचली आणि तीनदा चष्मा पुसला. आता खरं सांगायलाच हवं.

तुम्ही चार वर्षांनी येणार होतात. आठ दिवसांतले सात तुमच्या आईने मुंबईतल्या नातेवाइकांना वाटून टाकले होते. माझ्या वाट्याला एक शनिवार आला. फोनवर ईरा म्हणाली, "आजी, या वेळी जंगलात कॅम्पिंग करायचंय. डोंगरातल्या एखाद्या छोट्याशा टाउनजवळ. जागा तू निवड. नाही जमलं तर पुढच्या वर्षी आम्ही मित्रांबरोबर दुसरीकडेच जाऊ, घोलवडला तुला उगीच त्रास नको."

"उगीच त्रास नको" हे वाक्य माझ्या डोक्यात जे शिरलं ते बाहेर निघेना. आमटीत मीठ दोनदा पडलं. आजोबांनी काही न बोलता खाल्ली, म्हणजे प्रकरण त्यांच्याही लक्षात आलं होतं.

पहिली अडचण, डोंगरातलं छोटं टाउन. जव्हार आहे, पण तिथला घाट आणि आजोबांची कंबर यांचं जमत नाही. राहता राहिली तलासरी. तलासरीला डोंगरातलं टाउन म्हणणं म्हणजे जरा धाडसच, तिथे हायवेवरच्या ट्रकांची रांग डोंगरापेक्षा उंच दिसते. पण मागे टेकड्या आहेत, जंगल आहे. मी आखीव कागद घेतला आणि गुणपत्रिका तयार केली. स्वच्छतागृह तीस गुण, पाणी वीस, शांतता, सावली, सपाट जमीन, मोबाइलची रेंज आणि दवाखान्याचं अंतर प्रत्येकी दहा. एकूण शंभर. उत्तीर्ण होण्यास साठ.

"झाडांना गुण नाहीत?" आजोबांनी विचारलं.

"सावलीत धरलीयेत."

बुधवारी सकाळी आम्ही गाडी काढली. डिकीत चिकूच्या तीन पेट्या. तुम्हाला आपल्याकडची रीत माहीत नसेल. घोलवडचा माणूस कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहत नाही, चिकूची पेटी नेतो. चिकू द्यायचे कच्चे, म्हणून ते कधी पिकतील ते सांगणं ही देणाऱ्याची जबाबदारी. नाहीतर लोक दुसऱ्याच दिवशी चावा घेतात, चिकाने ओठ चिकटतात आणि वाडीचं नाव खराब होतं. त्यामुळे पंचेचाळीस वर्षं पेटी देताना मी एकच वाक्य बोलत आले आहे : "अमुक वारी पिकतील. मग एकत्रच खाऊ." शेवटचं नुसतं बोलायचं असतं. आजपर्यंत कुणीही एकत्र खाल्लेले नाहीत.

पहिली जागा गुजरातच्या हद्दीजवळच्या वेवजी गावची, रमणभाईंची. त्यांनी शेताच्या कडेला, जंगल सुरू होतं तिथे, पाच रंगांचे पाच तंबू लावले आहेत. प्रत्येक सागाला दिव्यांची माळ आणि मधोमध माझ्या उंचीचा स्पीकर.

"माई, पोरांना बोर नाही व्हायला देणार," रमणभाई म्हणाले. "गरबा, अंताक्षरी, बध्धुं छे."

"आणि पक्ष्यांचे आवाज?"

"ते पण आहेत ने. पेन ड्राइव्हमध्ये."

मी शांततेसमोर शून्य लिहिलं. पण तोंडावर नावं ठेवायची नाहीत असं आम्हाला शाळेत इंग्रजीच्या बाईंनी छडीने शिकवलं होतं. म्हणून मी म्हणाले, "फार सुंदर." त्यांनी विचारलं, "मग शनिवारी नक्की ने?" मी त्याच वेळी पेटी त्यांच्या हातात देत होते. म्हणाले, "आज बुधवार. शनिवारी पिकतील. मग एकत्रच खाऊ."

दुसरी जागा तलासरीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, शरदरावांची. म्हणजे तुमच्या बाबांचे शरदमामा, आपल्या विहीणबाईंचे धाकटे भाऊ. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जागा घेतली आणि सर्वांत आधी संडास बांधायला काढला. मला आनंद झाला. जवळ गेले तर भांडं होतं, फ्लशची टाकी होती, भिंती नव्हत्या.

"व्ह्यू बघा काय आहे," शरदराव म्हणाले.

"दोन्ही बाजूंनी," आजोबा म्हणाले.

तीसपैकी बारा दिले. पण माणूस विहीणबाईंचा भाऊ. "फार सुंदर." पेटी. "शनिवारी पिकतील. मग एकत्रच खाऊ."

तिसरी जागा तलासरीजवळच्या धरणाच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर. लाडकीबाई आणि त्यांच्या बचत गटाच्या बायकांनी ओढ्याकाठी दोन कुडाच्या खोपी बांधल्या आहेत, पाहुणे उतरवतात. सारवलेलं अंगण, वर मोहाची दोन जुनी झाडं, आणि शांतता अशी की आजोबांच्या गुडघ्याचा आवाज ऐकू आला. मी मन घट्ट करून विचारलं, "स्वच्छतागृह?"

लाडकीबाईंनी हात हवेत अर्धवर्तुळाकार फिरवला. त्यात सगळं जंगल आलं. "हा काय. येवढा मोठा हाय."

स्वच्छतागृह शून्य. रेंज शून्य. बाकी सगळं जमवून एक्केचाळीस. "तुझी पोरा कवा येतील?" त्यांनी विचारलं. लाडकीबाई सगळ्यांना एकेरीतच बोलतात, उद्या कलेक्टर आले तरी बोलतील. "कोंबडा राखून ठेवतंय." मी पेटी खाली ठेवली आणि, आता तुम्हाला पाठच झालं असेल, "शनिवारी पिकतील," म्हणाले.

परतताना आजोबा ताशी चाळीसच्या वेगाने विचार करत होते. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "तू तिघांनाही शनिवार दिलास."

"मी शनिवार चिकूंना दिला."

"हे त्यांना माहीत आहे?"

मी गुणपत्रिका काढली. रात्रीचं जेवण होईपर्यंत बेरजा करत बसले. रमणभाई सत्तेचाळीस, शरदराव अडतीस, लाडकीबाई एक्केचाळीस. तिघेही नापास. मग मनात आलं, आपलीच वाडी काय वाईट? सपाट जमीन, बोअरचं पाणी, टाइल्स लावलेलं बाथरूम, दहा मिनिटांवर डॉक्टर. मी वाडीला चौऱ्याण्णव दिले. (पक्षपात वाटू नये म्हणून सहा कापले.)

"मग फोन करून तिघांना नाही सांग," आजोबा म्हणाले.

"नकार फोनवर देत नाहीत. पत्राने देतात. पत्रात माणसाला वाईट वाटून घ्यायला एकांत मिळतो."

गुरुवारी सकाळी मी तीन सुवाच्य पत्रं लिहिली. 'आपल्या आतिथ्याबद्दल आभारी आहोत, तथापि सदर जागा आमच्या गरजांस अनुरूप नाही.' लाडकीबाईंचं पत्र त्यांच्या अंगणवाडीच्या ताईंच्या पत्त्यावर. आणि पुढच्या पाहुण्यांच्या वेळी सुधारणा करता यावी म्हणून (हे मला त्या वेळी उपकारासारखं वाटलं होतं) प्रत्येक पत्रासोबत त्या त्या जागेची गुणपत्रिका जोडली. पत्रं स्वतः पेटीत टाकली. इंग्रजीच्या बाईंच्या काळात पत्र दुसऱ्या दिवशी पोचायचं. तो काळ जाऊन पन्नास वर्षं झाली, हे माझ्या यादीत नव्हतं.

शनिवारी बाराला तुम्ही आलात. तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. मी चिकूच्या झाडांखाली दोन तंबू लावून घेतले होते, दोरीला टॉवेल, तंबूच्या दाराशी पायपुसणं. नीलने चारी बाजूंना पाहिलं.

"आजी, जंगल कुठंय?"

"हीच झाडं."

"पण ही एका लाइनीत आहेत."

ईरा नेहमीप्रमाणे शहाण्यासारखं बोलली. "छान आहे आजी. खरंच. वर ट्यूबलाइट पण आहे." आणि मग हळूच आईला म्हणाली, "जाऊ दे, आजीला उगीच त्रास नको." ते वाक्य मी ऐकलं. मी आत जाऊन डाळ निवडायला घेतली. डाळ आधीच निवडलेली होती.

तीन वाजता रमणभाईंचा फोन. "माई, नीकळ्या के? उंबाडियुं जमिनीत घातलं आहे. चारला काढायचं." (उंबाडियुं म्हणजे शेंगा, कंद, रताळी मडक्यात भरून वर जाळ करून भाजलेलं. एकदा घातलं की थांबवता येत नाही.)

"पत्र नाही मिळालं?"

"कसलं पत्र, माई?"

मी फोन ठेवला तोच शरदरावांचा. "सहापर्यंत या. भिंती नाही झाल्या, पण हिरवी जाळी चारी बाजूंनी मारलीये. रिबन पण बांधलीये. उद्घाटन तुमच्या हस्ते."

"कशाचं?"

"असं काय विचारता? टॉयलेटचं."

मी खुर्चीत बसले. दहा मिनिटांनी अनोळखी नंबर. मागे ओढ्याचा आवाज. फोन करण्यासाठी लाडकीबाई टेकडी चढून रेंजमध्ये आल्या होत्या.

"बाय, कोंबडा कापला."

रद्द करता येतील अशा गोष्टी असतात आणि नसतात. कोंबडा दुसऱ्या प्रकारात मोडतो.

आजोबा दारात गाडीची किल्ली घेऊन उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. पंचेचाळीस वर्षांत माझ्यावर याहून मोठा वार त्यांनी केलेला नाही. मी आखीव कागद ओढला आणि लिहिलं : '४.०० वेवजी, उंबाडियुं. ६.०० शरदमामा, उद्घाटन. ७.३० पाडा, जेवण व मुक्काम.' मग बाहेर येऊन शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "चला. वाडी ही फक्त सामान ठेवायची जागा होती."

तोच तो कागद, ईरा, ज्याचा तू फोटो काढलास आणि जो आता सहा मैत्रिणींकडे आहे.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पण माझ्या बाजूने पाहिलेलं नाही. नील रमणभाईंबरोबर गरबा खेळत होता तेव्हा मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. शरदरावांकडे मी हिरव्या जाळीसमोर रिबन कापली, नारळ फोडला, टाळ्या झाल्या आणि ते म्हणाले, "पहिला मान पाहुण्यांचा." तेव्हा तुम्ही सगळे आजोबांकडे पाहायला लागलात. आजोबा आत गेले, जाळीतून त्यांची टोपी सगळ्यांना दिसत होती, आणि ते आतून म्हणाले, "व्ह्यू आता कमी झाला." आणि पाड्यावर चुलीजवळ बसून तुम्ही नाचणीच्या भाकरीबरोबर कोंबड्याचा रस्सा खाल्लात, डोळ्यांतून पाणी काढत. ईरा माझ्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, "आजी, हीच जागा. तू अशी कशी बरोब्बर निवडलीस?"

मी म्हणाले, "अनुभव."

स्वच्छतागृहाबद्दल दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यापैकी कुणीही एक अक्षर काढलं नाही. मीही काढत नाही.

रविवारी तुम्ही गेलात. मंगळवारी पत्रं पोचली.

सर्वांत आधी रमणभाईंचा फोन. "माई, शांततेला शून्य? तुमच्या नीलनेच आवाज वाढवायला सांगितला होता ने." मग थेट विहीणबाईंचा. "शरदच्या संडासाला तीसपैकी बारा दिलेत म्हणे. उद्घाटन तर तुम्हीच केलंत." मी म्हणाले, ते गुण जाळीच्या आधीचे आहेत. त्या म्हणाल्या, "मग पुरवणी पत्रिका पाठवा." पाठवली. बावीस केले.

लाडकीबाईंचा फोन आला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी फाटकाचा आवाज झाला की उठत होते. कोंबडा कापून, भाकरी वाढून, नातवंडांना स्वतःच्या गोधड्या देऊन त्या बाईला मी काय पाठवलं, तर एक्केचाळीस गुण. तेही अंगणवाडीच्या ताईंनी सगळ्या गटासमोर मोठ्याने वाचून दाखवले असणार.

शुक्रवारी त्या स्वतः आल्या. डोक्यावर आपल्याच वाडीची चिकूची पेटी, वर फडकं. ओटीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, वाडीवरून नजर फिरवली. टाइल्सच्या बाथरूममध्ये डोकावून आल्या. मी उभीच होते, निकालाच्या दिवशी उभं राहावं तशी. पेटीवरचं फडकं काढलं तर आत वालाच्या शेंगा, काठोकाठ. आपल्याकडे पेटी रिकामी परत करत नाहीत, आणि त्यांच्याकडेही नाही.

"लाडकीबाई, ते पत्र..." मी सुरुवात केली.

"ताईनी वाचला," त्या म्हणाल्या. "अक्षर बेस हाय." मग फडकं झटकून, "बाय, तुझे चिकूत दोन किडके निघाले."

वाडीच्या पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

"पन आम्ही तुला नापास नाय केला," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला घेतल्या.

तेव्हा ईरा, मैत्रिणींना जरूर आण. जंगल लाडकीबाई निवडतील. मी फक्त चिकू निवडीन, आणि पेटी बंद करण्याआधी आजोबा ते पुन्हा एकदा तपासतील.

तुमची,
आजी