दुसऱ्या फेरीच्या गोळ्या

...अगं, पण लोकं व्हर्लन टोफ्टेला चिकट म्हणतात ना, त्याचं खरं कारण कुणालाच ठाऊक नाही. गावच्या गोष्टी लिहितेस ना, मग हेही लिही तू, खाडाखोड करू नकोस.

आपल्या शेजारच्या आर्डिसचा हा धाकटा भाऊ. तीस वर्षं फार्गो शहरात लोकांच्या पेन्शनचा पैसा गुंतवला, आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, राज्याच्या खजिनदारकीला उभा राहिला! हुशार फार, पण बोलायला लागला की समोरचा जांभया देणार.

"व्याजाचे दर कसले सांगतोस," आर्डिस करवादायची, "लोकांच्या पोराबाळांची चौकशी कर!"

"करतो की, ताई."

"करतोस, आणि त्यांच्या कॉलेजचे पैसे साठवले का तेही विचारतोस!"

मग आली चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. पुढं राजधानीतला दुसरा उमेदवार, बत्तीस दात दाखवत, पोरांवर ओंजळीओंजळीनं गोड गोळ्या उधळतोय. मागं आपला व्हर्लन. एका पोराच्या हातावर एक गोळी. मोजून एक!

"ए व्हर्लन, खिशाला गाठ मारलीस काय रे?" न्हावी मर्ल दुकानाच्या पायरीवरनं ओरडला. सगळी फिदीफिदी हसली.

गाडी चालवणाऱ्या आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गोळ्यांची बादली उलटी कर, मेल्या! आपलं गावच मत देईना, तर राज्यात कोण देणार?"

"थांब गं जरा."

आता आपली मिरवणूक केवढी, तर तीन चौकांची. म्हणून धान्याच्या कोठाराला वळसा घालून ती पुन्हा येते. पाहुण्याला हे कुणी सांगायचं? दुसऱ्या फेरीला त्याच्या बादल्या रिकाम्या. नुसता हात हलवतोय. हात हलवून पोरांचं तोंड गोड होतं होय?

व्हर्लनकडं मात्र दोन बादल्या काठोकाठ! लहानपणी दुसऱ्या फेरीला चर्चच्या कोपऱ्यावर उभा राहून रिकाम्या हातानं घरी गेलेला पोर तो. विसरतोय कसला! पोरं मुंग्यांसारखी झोंबली त्याला. या वेळी ओंजळीनं वाटल्या.

मर्ल पुन्हा ओरडला, "अरे, खजिन्याच्या किल्ल्या ह्यालाच द्या!"

ते बोलणं नोव्हेंबरपर्यंत राज्यभर फिरलं. थोडक्या मतांनी निवडून आला, पण आला. आर्डिस रडली, आणि वर म्हणते कशी, कांदा चिरत होते!

सोमवारी शपथ घ्यायला जाणार तो. हा लेफ्सेचा, बटाट्याच्या पोळ्यांचा डबा आर्डिसकडं देऊन ये. म्हणावं, व्हर्लनला दे आणि सांग, अर्ध्या जाताना खा, अर्ध्या येतानाला ठेव. तो ठेवणारच म्हणा, तरी सांग.