सूर्यभानची लादी

अकोल्याच्या एका सिमेंटच्या लाद्यांच्या कारखान्यात सूर्यभानच्या हाताला नाव होतं. रोज बार्शीटाकळीहून स्कूटरवर यायचा आणि आल्याआल्या आधी गोपालचं काम पाहून घ्यायचा, स्वतःचं नंतर. गोपाल वयाने लहान, बोलायला गोड, आणि मालक वामनराव हल्ली त्याच्याच खांद्यावर हात ठेवून बोलत. सूर्यभानच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं.

मग एका दगडखाणीचं काम आलं. सुरुंगाची दारू ठेवायच्या कोठाराभोवती भिंत हवी होती, उडालेला दगड आदळला तरी न ढासळणारी. वामनरावांनी दोघांना आपापल्या मालाची एकेक लादी ओतायला सांगितली. तिच्यावर उंचावरून लोखंडी गोळा पाडायचा; ज्याची लादी टिकेल तो या कामाचा मुकादम. सूर्यभानला मुकादमकी हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे ती गोपालला मिळायला नको होती.

त्याने पाणी अगदी कमी ठेवलं, सिमेंट चढं घातलं आणि असा कडक माल केला, की दाबाच्या यंत्रावर त्याचा ठोकळा फुटता फुटेना. गोपाल मात्र मालात पोलादी तारेचे बारीक तुकडे घालत होता. पहिल्याच खेपेला त्या तारांचे गुंतेच गुंते झाले आणि सगळा माल वाया गेला. सूर्यभानला इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्याने गोपालला स्वतःहून चहा पाजला.

नेमकी त्याच संध्याकाळी स्कूटर बंद पडली. गोपालने त्याला मोटरसायकलवर घरी सोडलं. उपकार गोपालचा, म्हणून तो जास्तच बोचला. सूर्यभान अंघोळीला गेला तेव्हा त्याची बायको लीलाबाई गोठ्याच्या भिंतीसाठी माती तुडवत होती. गोपाल बाजेवर बसून तिच्याशी बोलत होता. सूर्यभान अंग पुसत बाहेर आला, तर दोघं हसत होती. मातीकडे, तिच्या हातातल्या गव्हांड्याकडे, म्हणजे गव्हाच्या भुसकटाकडे, त्याने पाहिलंही नाही. त्याला दिसलं फक्त हसणं.

दुसऱ्या दिवशी गोपालने नवा माल कालवून आपली लादी ओतली. लाद्या पाण्यात मुरल्या, दिवस भरले. आधी सूर्यभानच्या लादीवर गोळा पडला. काच फुटावी तशी ती फुटली आणि तुकडे पार भिंतीपर्यंत गेले. मग गोपालच्या लादीवर पाडला. तिला भेगा गेल्या, गोळा जरा रुतला, पण तुकडा काही सुटला नाही. वामनरावांनी पुन्हा पुन्हा पाडून पाहिला. भेगा तारांनी धरून ठेवल्या होत्या.

"पण त्या तारांचे गुंते कसे गेले रे?" वामनरावांनी विचारलं.

"सूर्यभानभाऊच्या घरच्या वयनीनं सांगतलं," गोपाल म्हणाला. "गव्हांडा मातीत एकदम नाई टाकत, तुडवता तुडवता पेरत जा लागते म्हने. मी तारा तशाच पेरल्या."

सगळे कौतुकाने सूर्यभानकडे पाहू लागले. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपली लादी फुटली याचं दुःख त्याने एक वेळ गिळलं असतं, पण आपल्याच घरातली गोष्ट गोपालच्या हाती गेली, हे त्याच्याने गिळवेना.

घरी आल्यावर चपलाही न काढता तो लीलाबाईसमोर उभा राहिला.

"गोपालले तू कावून सांगतलं?"

"त्यानं इचारलं."

"अन् मले कावून नाई सांगतलं?"

लीलाबाईने भाकरी उलटली. "लग्न झाल्यापासून तुमच्या डोयासमोर माती तुडवून राह्यली मी. तुमी कधी इचारलं?"

सूर्यभानने आता कुठे चपला काढल्या. आजही त्याने विचारलं होतं, ते आधी गोपालबद्दलच.